लंडन कराडच्या अलीकडे

"साडेसातला सुटते, बाराला पोचते," आण्णा म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, आणि दोन्हीकडून आकडा तोच दिसतोय अशी खात्री झाल्यावर घडी घालून मांडीवर ठेवला. "साडेचार तास. म्हणजे लंडन कराडच्या अलीकडे आलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कराडच्या अलीकडं? मग इतके दिवस लांब लांब म्हणून कोण सांगत होतं?"

"लोक. लोकांना वेळापत्रक वाचता येत नाही."

समोरच्या खुर्चीत सुकुमार चौगुले बसला होता. कागद त्याचाच होता. सुट्टी संपवून परत लंडनला जाण्यासाठी ट्रॅव्हल एजंटनं त्याला विमानाच्या वेळा छापून दिल्या होत्या, आणि "जाण्यायेण्याचं कसं काय?" असं आण्णांनी विचारताच त्यानं तो खिशातून काढून दिला होता. आता तो छताच्या पंख्याकडे बघत होता. जानेवारी महिना होता आणि पंखा बंद होता.

वडलांबद्दल सांगायला हवं. आण्णा पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी सुटणार, कधी पोचणार, कुठल्या फलाटावर लागणार, हे भोंग्यावरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. आमच्या घरात आमटी तयार झाली की त्याची घोषणा होई. मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना त्यांनी दारातून निरोप देताना "आपलं सामान तपासून घ्यावं" असं बजावलं होतं. पाहुणे परत आले नाहीत.

आम्ही सांगलीकडचे जैन. दिवस मावळल्यावर आमच्या घरात ताट वाढलं जात नाही. आण्णा त्यातही कडक. वाटेत कुठं काही खायचे नाहीत. खायचं ते आपल्या माणसाच्या घरी, आणि उजेड असताना. यातूनच त्यांनी माझ्या लग्नाचा नियम काढला होता: सकाळी घर सोडलेल्या माणसानं दिवस मावळायच्या आत लेकीच्या घरी जेवलं पाहिजे. त्यापलीकडं मुलगी द्यायची नाही.

या नियमात इंदूर बसलं नाही. नागपूर बसलं नाही. बेळगावचा एक डॉक्टर उन्हाळ्यात बसत होता, हिवाळ्यात मात्र सूर्य लवकर मावळल्यामुळे अर्ध्या तासानं हुकत होता. आईनं त्याच्यासाठी फार शब्द टाकला.

"उन्हाळ्यातला जावई काय कामाचा?" आण्णा म्हणाले, आणि तो विषय संपला.

मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. फार बोलायची नाही. पण कुणी चुकीचा आकडा सांगितला की मला तो दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळायचा. सुकुमारला मी आधी दोनदा भेटले होते. पहिल्या भेटीत मी विचारलं, लंडनमध्ये मराठी बोलणारी माणसं किती असतील? तो म्हणाला, "अंदाजे सांगू, की माहीत नाही असं सांगू?" त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं, हा मला चालेल. दुसऱ्या भेटीनंतर सांगितलं, हाच चालेल. आई देवासमोर बसली. तिला मुलाची काळजी नव्हती, नियमाची होती.

आणि आता नियम आपल्या पायांनी चालत येऊन आमच्या बाजूला बसला होता.

"बाराला पोचायचं," आण्णा मांडीवर बोटांनी मोजत होते. "विमानतळावरून घरी किती?"

"अंदाजे दीड तास," सुकुमार म्हणाला.

"म्हणजे दीडला ताट समोर. दिवस कधी मावळतो तुमच्यात?"

"आत्ता थंडीत चारच्या सुमारास."

"काय सांगता! पण चार तर चार. अडीच तास शिल्लक आहेत. हात धुऊन, जेवून, पान खाऊन..." आण्णांनी पाठ खुर्चीला टेकवली. "पाहुणे, मला काही अडचण दिसत नाही."

आई साखर आणायला आत वळली. मी तोंड उघडलं. आई पाठमोरी असली तरी मला ओळखते, तिनं न बघताच "त्रिशला, आत ये" अशी हाक मारली. सुकुमार पंखा सोडून माझ्याकडे बघू लागला. त्याला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

मी खरोखर प्रयत्न केला. पाच-सहा श्वास तरी गप्प राहिले.

"आण्णा, साडेचार नाहीत. दहा."

"काय दहा?"

"तास. विमान दहा तास उडतं. सुटायची वेळ आपल्या घड्याळाची आहे, पोचायची त्यांच्या. त्यांचं घड्याळ साडेपाच तास मागं आहे."

आतून साखरेच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

"मागं आहे तर लावून घ्यावं!" आण्णा म्हणाले. "एका गाडीला दोन घड्याळं? चालक कुठलं बघणार? अशानं फलाटावर माणसं मारामाऱ्या करतील!" मग ते सुकुमारकडे वळले. "ही म्हणते ते खरं आहे?"

"खरं आहे, काका."

"क्रिकेटच्या वेळी रेडिओवर सांगतात ते मला माहीत आहे, की तिकडं सकाळ असते. ते सामन्यापुरतं म्हणून सोडून दिलं. पण छापील वेळापत्रकात?" त्यांनी कागद पुन्हा उघडला. विश्वासातल्या माणसानं फसवल्यावर बघावं तसं त्याकडं बघितलं. "दहा म्हणजे बेळगावच्या जवळ जातं."

आई बाहेर आली. हातात साखरेची वाटी होती आणि डोळ्यांत माझ्यासाठी जे होतं ते गोड नव्हतं. "तुला विचारलं होतं का कुणी?"

"आई, उत्तर चुकलं होतं."

"चुकलेलं उत्तर तुझ्या बाजूचं होतं की गं!"

"थांब," आण्णा म्हणाले. कोड्यात पडलं की ते उलट शांत व्हायचे. "दहा तास उडून तो बारालाच पोचतो म्हणतेस. आणि तिथं खरोखर ऊन असतं?"

"असतं. दाखवू?"

वर्गात मी हे मोसंबं घेऊन दाखवायची. घरात मोसंबं नव्हतं. म्हणून मी स्वतःच पृथ्वी झाले. बैठकीच्या मधोमध खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. "माझं डोकं म्हणजे उत्तर ध्रुव. नाक म्हणजे मुंबई. उजवा कान म्हणजे लंडन. आण्णा, तुम्ही खिडकीपाशी उभे राहा, तुम्ही सूर्य."

"मी काय करायचं?"

"काही नाही. तिथंच उभं राहायचं."

"आणि विमान?"

सगळ्यांनी सुकुमारकडे बघितलं. तो निमूटपणे उठला, चपला आधीच दारात काढल्या होत्या, आणि माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. पृथ्वीनं अशा वेळी कुठं बघायचं असतं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

"मी डावीकडं सावकाश फिरते. तुम्ही नाकाकडून उजव्या कानाकडे चला."

मी फिरू लागले. नाक आण्णांपासून दूर जाऊ लागलं, तसा कान मागून त्यांच्याकडे येऊ लागला. सुकुमार माझ्या फिरण्याच्या उलट दिशेनं चालत होता.

"बघा आण्णा. मुंबई अंधाराकडं निघाली. पण विमान मुंबईबरोबर जात नाही. ते उलटं पळतंय, म्हणून सूर्य त्याला सुटत नाही."

"म्हणजे तो दिवसाला धरून पळतोय?"

"हो. नुसतं घड्याळ नाही, खरोखरचं ऊन."

"पुन्हा दाखव," आण्णा म्हणाले.

पुन्हा दाखवलं. मग सूर्याला शंका आली, की आपण हललो तर काय होईल. तिसऱ्यांदा दाखवलं. चौथ्या वेळी आण्णांनी आम्हाला न थांबता पूर्ण फेरी करायला लावली. "मध्ये कुठं थांबा आहे का बघायचंय."

तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेली आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. तिनं बघितलं: मी जागच्या जागी गिरक्या घेतेय, सुकुमार माझ्याभोवती फिरतोय, आणि आण्णा खिडकीत हात पसरून उभे आहेत.

"अहो! थांबवा! फेरे चाललेत की हे!"

सुकुमार जिथं होता तिथं, बहुतेक तुर्कस्तानावर, गोठला.

"फेरे नव्हेत, भूगोल आहे," आण्णा म्हणाले.

"मुलगा मुलीभोवती फिरतोय आणि तुम्ही मोजताय! भटजी तरी वेगळं काय करतो? अजून हो-नाही ठरायचंय!"

"ठरलं," आण्णा म्हणाले. खिडकीतून बाजूला होऊन ते खुर्चीत बसले. सूर्यपण अजून पूर्ण उतरलं नव्हतं. "तास किती का होईनात. माझा नियम तासांचा नव्हताच, उजेडाचा होता. सकाळी निघालेला माणूस उजेडात पोचतो. ताट उजेडात. नियमात बसतं."

आईनं बश्या टेबलावर ठेवल्या आणि तोंडाला पदर लावला. सुकुमार जागेवर जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते. सगळं संपलं होतं. मी गप्प बसायला हवं होतं.

"येताना मात्र तसं होत नाही," मी म्हणाले.

आईनं डोळे मिटले.

"येताना म्हणजे?"

"तिकडून इकडे येताना विमान सूर्याच्या विरुद्ध दिशेनं पळतं. त्यामुळे दिवस लहान होतो. दुपारीच मावळतो."

आण्णांनी कागद तिसऱ्यांदा उघडला. खाली सुकुमारच्या येण्याच्या विमानाचीही वेळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, जणू काही फलाटभर माणसं वाट बघत उभी आहेत. "लंडनहून सकाळी दहाला सुटणार. मुंबईला रात्री साडेबाराला पोचणार." बोटं मांडीवर चालली. "साडेचौदा."

त्यांनी कागदाची घडी घातली.

"कागदावर जाताना साडेचार आणि येताना साडेचौदा," आण्णा म्हणाले. "हे सासर आहे की उंदराचा सापळा?"

"काका, वाटेत जेवण देतात," सुकुमार म्हणाला. "दुपारी, सूर्य असतानाच. मी येताना उजेडातच जेवलो."

"जेवणाचं नाही म्हणत मी!" आण्णांचा आवाज चढला. आत्तापर्यंत सगळं जेवणाचंच चाललं होतं, त्यामुळे आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. "पाहुणे, तुम्ही चांगले आहात. मला काही नाव ठेवायला जागा नाही. पण रस्ता वाकडा आहे. आत शिरायला सोपा आणि बाहेर यायला अवघड. असल्या रस्त्यावर मी माझी गाडी घालणार नाही."

मला पोह्यातले शेंगदाणे दिसत होते. ते मी मोजले नाहीत, यावरून माझी अवस्था कळावी.

बोलली ती आई. तिचा आवाज खाली होता. "अथणी तरी काय सरळ होती?"

अथणी म्हणजे आईचं माहेर, कर्नाटकातलं.

"पहाटे निघायचं," आई म्हणाली, बोलत होती सुकुमारशी, कारण आण्णांकडे बघून तिला ते बोलता आलं नसतं. "मिरजेला गाडी बदलायची. ती दुसरी गाडी तिन्हीसांजेलाच यायची. घरी पोचेपर्यंत अंधार. माझी आई ताट झाकून बसलेली असायची आणि मी ते उघडायचं नाही. माहेरची पहिली रात्र मी कायम उपाशी निजले. यांनी गाड्या सोडल्या सगळ्या महाराष्ट्राच्या, पण बायकोचं माहेर किती तासांवर आहे ते कधी मोजलं का? आणि आज लेकीचं मोजतात!"

"मोजलं," आण्णा म्हणाले.

"कधी?"

"दरवेळी. तुला गाडीत बसवून आलो की दिवसभर मोजत बसायचो. आता कराड गेलं, आता मिरज. त्या दुसऱ्या गाडीची वेळ तासभर अलीकडं आणावी म्हणून किती अर्ज केले. पण ती गाडी पलीकडच्या राज्याची. तिथं माझा भोंगा कोण ऐकणार?" त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. "नियम काय मी माझ्या पोटासाठी केला? मी एक दिवस उपाशी राहिलो म्हणून मरत नाही. बापाला उजेडात पोचता येतं, म्हणजे लेकीलाही उजेडात परत येता येतं. दोन्हीकडचं अंतर सारखंच असतं असं मी धरून चाललो होतो. आजवर असायचंही."

आईनं बशी उचलली आणि परत तिथंच ठेवली. एवढ्या वर्षांत तिला हे कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. घरात भोंग्याच्या आवाजात सगळं सांगणाऱ्या माणसानं नेमकं एवढंच कधी सांगितलं नव्हतं.

मला तेव्हा काहीतरी मायेचं बोलायचं होतं. पण मला जे बोलता येतं तेच तोंडातून आलं.

"आण्णा, साडेचौदा नाहीत. नऊ."

"गप गं!" आई म्हणाली.

"नऊच आहेत. घड्याळातले साडेपाच वजा करायचे. जाताना दहा, येताना नऊ."

आण्णांनी चष्मा चढवला. "मघाशी दहा म्हणालीस."

"ते जाताना."

"रस्ता तोच. गाडी तीच. अंतर तेच. मग येताना एक तास कमी कसा? पाहुणे, चालक बदलतो का?"

"चालक बदलला तरी फरक पडत नाही, काका. आमचं विमान खरंच नऊ तासांच्या आसपास आलं," सुकुमार म्हणाला.

"वारा," मी म्हणाले. "विमान ज्या उंचीवरून जातं तिथं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारा मोठा वारा असतो. थंडीत तर फारच. इथून तिकडं जाताना तो समोरून येतो, विमानाला अडवतो. तिकडून इकडं येताना पाठीमागून येतो. ढकलतो."

आण्णांनी उजवा तळहात तिरका धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यावरून वर चालवली, मग खाली आणली. वर जाताना बोटं हळू चालली. खाली येताना घसरली. दोनदा करून बघितलं.

"म्हणजे खंबाटकी घाट," ते म्हणाले. "जाताना चढ, येताना उतार."

"साधारण तसंच."

"सासरला चढ."

"हो."

"आणि माहेरला उतार."

"हो, आण्णा."

त्यांनी बोटं पुन्हा एकदा तळहातावरून खाली आणली. "उन्हाळ्यात वारा फिरतो का?"

"जोर कमी होतो. दिशा तीच राहते."

"संप, बंद, आंदोलन?"

"वाऱ्याला लागू होत नाही."

"कायमचा बंद पडला असं झालंय कधी?"

"पृथ्वी फिरायची थांबली तरच पडेल."

"तू थांबली होतीस मघाशी."

"ते आई ओरडली म्हणून."

आण्णा हसले नाहीत, पण त्यांचं पोट हललं. मग ते सुकुमारकडे वळले आणि खुर्चीत पुढं सरकून बसले.

"पाहुणे. साडेचार नव्हेत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

सुकुमारनं एकदा पंख्याकडं बघितलं. तिथं मदत नव्हती. "तुम्ही हो म्हणत होता, काका. मला तेवढंच ऐकू येत होतं."

"आणि ही बोलली. स्वतःचं नुकसान होतंय का ते न बघता. दोनदा."

"तीनदा," मी म्हणाले.

"बघा," आण्णा म्हणाले. "ही अशी आहे. जन्मभर बोलणार. तुम्ही भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाल, ही वजन करून आणेल. चालेल?"

"मी स्वतःच इंजिनियर आहे, काका. मला चूक दाखवणारं कुणी नसलं की झोप लागत नाही."

हे खरं नव्हतं. त्याला कुठंही आणि कशीही झोप लागते, हे मला पुढं कळलं. पण त्या दिवशी ते आण्णांना पटलं. ते उठले. आई आणि मी एकदमच उठलो, कारण आण्णा उभे राहिले म्हणजे घोषणा असते. पण भोंग्याचा आवाज आलाच नाही. त्यांनी टेबलावरची साखरेची वाटी उचलली, चिमूटभर साखर सुकुमारच्या हातावर ठेवली, चिमूटभर माझ्या, आणि उरलेली वाटी आईपुढं धरली. "घे," ते तिला म्हणाले. "दिवस आहे अजून."

आईनं साखर तोंडात टाकली.

मग पोहे झाले. पोहे खाता खाता आण्णा आईला सगळं नव्यानं समजावून सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "इकडं यायला उतार आहे म्हटल्यावर कळलं का? लंडन उंचावर असणार. पन्हाळ्यासारखं. म्हणून तर तिथं एवढी थंडी!"

"तरीच," आई म्हणाली.

लंडन आणि पनवेल, दोन्ही जवळजवळ समुद्राच्या पातळीला आहेत. दोघांमधला फरक आमच्या गच्चीच्या पाण्याच्या टाकीएवढाही नसेल. मी घास गिळला आणि तोंड उघडलं. सुकुमार माझ्याकडं बघत होता. आई बघत होती. आण्णा मात्र बशीतल्या पोह्यांचा डोंगर करून चमच्यानं त्याच्या उतारावरून एक शेंगदाणा खाली सोडत होते.

मी तोंड मिटलं.

तेव्हापासून आजतागायत ती चूक मी दुरुस्त केलेली नाही. आण्णा आता थकले आहेत, कानानं कमी ऐकतात, फोनवर माझ्यापेक्षा तेच मोठ्यानं बोलतात. मी लंडनच्या विमानतळावरून निघाले असं सांगितलं की हवापाणी, सामान, जावई कसे आहेत, यातलं काहीही न विचारता आधी ते एकच विचारतात:

"उताराला लागलीस का?"

"लागले, आण्णा," मी म्हणते.